दोन छत्र्यांचं रॉकेट

ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराला लांबी आहे, रुंदी नाही. रस्त्याकडच्या ओट्यावर उभं राहून हाक मारली की ती बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण पार करून विहिरीपर्यंत जाते, आणि तिथून आत्याचा आवाज येतो, "ऐकू येतंय, घसा फोडू नकोस." 1758 साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि त्यांच्या मागोमाग नागपूरकडची बरीच मराठी मंडळी छत्तीसगडात उतरली. यायचा हुकूम होता. परत कधी आणि कसं जायचं, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. म्हणून आम्ही अजून रायपुरातच आहोत. परतीचा विचार आधी न केल्याने काय होतं, हे आमच्या घराण्याला अडीचशेहून जास्त वर्षं ठाऊक आहे. त्यामुळे यंदा पावसाळा सरल्यावर माजघरात जी वस्तू येऊन आडवी पडली, तिची अडचण आम्हाला लगेच समजली.

माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. त्याने आणि त्याच्या कॉलेजातल्या पाच-सात पोरापोरींनी मिळून रॉकेट केलं आहे. दिवाळीतलं नव्हे. लांबी साडेसात फूट, जाडी चार इंच, वजन सात किलो आणि महत्त्वाकांक्षा एक किलोमीटर. हॉस्टेलच्या खोलीत ते तिरपंसुद्धा मावेना. एकाच्या फ्लॅटमध्ये मावलं, पण मग फ्रिजचं दार उघडेना. तेव्हा चिरंजीवांना आजोळचं माजघर आठवलं.

"मामा, बांधणी झालीये. फक्त खाली उतरवायची तयारी राहिलीये," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अजून वर गेलं नाही ना?"

"नाही."

"मग खाली काय उतरवताय?"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्याच्या आईची आहे. माझ्या बहिणीने ती लहानपणापासून माझ्यावरच घोटून तयार केली आहे.

गल्लीने या पाहुण्याचं स्वागत चांगलं केलं. लांब आणि टोकदार वस्तूंचं आमच्या भागाला भय नाही. जवळच कंकाली मठ आहे. तो वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो आणि नागा साधूंची जुनी शस्त्रं तेव्हा लोकांना बघायला मिळतात. त्यामुळे रॉकेटचं नाक ओट्यावरून आत जाताना पाहून शेजारच्या काकांनी एवढंच विचारलं, "दर्शन किती वाजेपर्यंत आहे?" भाजीवाली बाई मात्र टोपली खाली ठेवून नीट उभी राहिली. "का बनावत हस बाबू? फटाका?" भाच्याने सांगितलं, रॉकेट. "कतका ऊपर जाही?" एक किलोमीटर. तिने मान डोलावली आणि मग, अभियांत्रिकीचं सगळं शिक्षण ज्या एका प्रश्नाशी येऊन थांबतं, तो प्रश्न टाकला: "अउ लहुट के आही?"

परत येणार का?

आता हा सगळा प्रकार काय आहे ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. हौशी रॉकेटांच्या मोटरींना इंग्रजी अक्षरं असतात. 'ए' सगळ्यात अशक्त, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ताकद दुप्पट. 'जी'पर्यंत शाळकरी पोरांचा खेळ समजतात, 'एच'पासून मोठ्यांची रॉकेटं सुरू होतात, ज्यांना ही मंडळी 'हाय-पॉवर' म्हणतात. आमच्या माजघरातलं प्रकरण 'के' या अक्षराचं. म्हणजे 'ए'पासून मोजलं तर दहा वेळा दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे मागणाऱ्या त्या ब्राह्मणाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांना पुढे सांगायला नको.

ही मोटर अर्थातच घरात येत नाही. दारूचा कणही येत नाही. 1884 चा स्फोटक कायदा अजून जिवंत आहे आणि त्याची अंमलबजावणी बघणाऱ्या 'पेसो' या खात्याचं मुख्य कार्यालय आहे नागपूरला. भोसल्यांच्या काळी हुकूम नागपूरहून यायचा, आताही नागपूरहूनच येतो. शिवाय इकडे माना इथे विमानतळ. विमानांच्या वाटेत आपली नळी सोडायची तर तिकडचीही परवानगी लागते. तेव्हा उडवायचं ते परवानगीच्या मोकळ्या मैदानावर, जबाबदार माणसांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे अशी मैदानं आता कुठे दिसू लागली आहेत. 2025 च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या तमकुही राज इथे, गंडक नदीच्या काठी, 'इन-स्पेस' या सरकारी अवकाश संस्थेने विद्यार्थ्यांची रॉकेट स्पर्धा भरवली, आणि देशभरातल्या पोरांनी तिथे आपापली नळकांडी आकाशात पाठवली. तेव्हापासून आमचा भाचा झोपेत उंची सांगतो.

पण उंचीचं कौतुक बाहेरच्यांनी करायचं असतं. मोटर दोन-तीन सेकंद जळते, रॉकेट पंधराएक सेकंदांत हजार मीटरवर पोचतं, आणि त्या पंधरा सेकंदांत कोणालाच काही करण्यासारखं नसतं. सगळा संसार त्यानंतर सुरू होतो. सात किलोची टोकदार नळी हजार मीटर उंचीवर क्षणभर थबकते, आणि तिथून तिने कुणाच्या डोक्यावर किंवा म्हशीवर न पडता, पुन्हा वापरता येईल अशा अवस्थेत खाली यायचं असतं.

सरळ उपाय म्हणजे छत्री. वर पोचल्यावर मोठी छत्री उघडा आणि सेकंदाला पाच मीटर अशा सभ्य वेगाने खाली या. हिशोब करा: हजार मीटर उतरायला दोनशे सेकंद. वारा सेकंदाला आठ मीटरचा असेल, तर तेवढ्या वेळात रॉकेट सोळाशे मीटर वाहून जातं. समजा आमच्या गल्लीतून सुटलं, आणि वाऱ्याची मर्जी असली, तर ते बुढातलाव ओलांडून आणखी पुढे जाईल. लहान छत्री लावली तर वाहून जात नाही, पण आपटतं. यावर तोड म्हणून दोन छत्र्या. शेंड्यावर पोचल्याबरोबर लहान छत्री उघडते, तिला 'ड्रोग' म्हणतात. तिच्या आधाराने रॉकेट सेकंदाला पंचवीस मीटर वेगाने जवळजवळ पडतच येतं. जमीन दोनशे मीटरवर आली की मोठी, म्हणजे 'मेन' छत्री. पहिले आठशे मीटर बत्तीस सेकंद, शेवटचे दोनशे चाळीस सेकंद, एकूण बहात्तर. वाहणं पावणेसहाशे मीटर. रॉकेट मैदानातल्या मैदानात उतरतं आणि पोरांना शोधायला दुसऱ्याच्या शेतात शिरावं लागत नाही.

हे सगळं भाच्याने आत्याला समजावून सांगितलं. आत्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे. तिने मनातल्या मनात भागाकार केला, बरोबर असल्याची खात्री करून घेतली आणि विचारलं, "दोनशे मीटर आले, हे त्याला कोण सांगणार?"

त्या क्षणापासून आत्या प्रकल्पात आली. कोणी घेतली नाही, आली.

दोनशे मीटर आले हे सांगणारं यंत्र म्हणजे अल्टिमीटर. हाताच्या बोटाएवढी पट्टी, तिच्यावर हवेचा दाब मोजणारा एक कण. वर जाल तसा दाब कमी होतो, जमिनीजवळ साधारण आठ-साडेआठ मीटरला एक मिलिबार. दाब कमी व्हायचा थांबला, की यंत्र समजतं शेंडा आला. मग पहिल्या छत्रीला बाहेर ढकलणाऱ्या दारूला वीज देतं. दाब पुन्हा वाढत ठरलेल्या आकड्यावर आला की दुसऱ्या छत्रीला. अशी यंत्रं दोन बसवतात. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, बटणं वेगळी, दारूच्या पुड्या वेगळ्या. एक बंद पडलं तर दुसरं. आणि दोघांनी एकाच क्षणी बार उडवून नळी फोडू नये म्हणून दुसऱ्याला एक सेकंद उशिराने जागं व्हायला सांगितलेलं असतं.

आत्याला ही व्यवस्था फार पटली. या घरात प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत, दुसऱ्या किल्लीची जागा दोन माणसांना माहीत आहे, आणि त्यांतलं एक माणूस गावाला गेलं तर तिसऱ्याला सांगून जातं. अशा ठिकाणी वाढलेल्या बाईला एकाच अल्टिमीटरवर विसंबणाऱ्यांविषयी काय वाटतं ते तिने एका शब्दात सांगितलं: "बेफिकीर."

यंत्रांची जबाबदारी ज्या मुलीकडे आहे ती धमतरीची. अत्यंत हुशार, बोलणं कमी, आणि खांद्याला अडकवलेल्या बॅगेत सोल्डरिंग आयर्न. ती म्हणाली, यंत्राला खोटंखोटं उडवून बघायचं आहे, त्यासाठी हवाबंद बरणी हवी. आत्याने लिंबाच्या लोणच्याची काचेची छोटी बरणी रिकामी करून दिली. हे वाक्य मी पटकन लिहून मोकळा झालो, पण त्या बरणीतलं लोणचं तीन वर्षं मुरलेलं होतं आणि मला ते वाटीतसुद्धा मोजून मिळायचं. रॉकेटशास्त्रासाठी ते वाडग्यात काढण्यात आलं. विज्ञानाने माझा असा फायदा प्रथमच केला.

बरणीच्या झाकणाला भोक पाडून त्यातून नळी काढली, नळीला पन्नास मिलिलिटरची मोठी सिरिंज लावली, फटी मेणाने बुजवल्या. आत अल्टिमीटर, आणि दारूच्या पुड्यांच्या जागी दोन बारके दिवे: लाल म्हणजे ड्रोग, हिरवा म्हणजे मेन. मुलीने सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला. बरणीतली हवा विरळ झाली. यंत्राला वाटलं, आपण निघालो. दट्ट्या थांबला, यंत्राला वाटलं शेंडा आला, आणि लाल दिवा लागला. मग अगदी हळूहळू हवा आत सोडली. सगळं माजघर श्वास रोखून बसलेलं. "तिला नाही, आपल्याला हवा हवीये," असं कोणीतरी म्हणालं तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि टाळ्या पडल्या. ब्राह्मणपाऱ्यातून निघून, हजाराच्या आसपास उंची गाठून, लिंबाच्या वासासकट यंत्र सुखरूप परत आलं होतं.

आता आकडा बघायचा. या यंत्राला पडदा नाही; ते टिटटिट करून बोलतं. उंचीचा एकेक अंक वाजवून दाखवतं: नऊ टिट, थोडी उसंत, चार टिट, उसंत, असं. उड्डाणापूर्वीही त्याची बोली ठरलेली आहे. एक टिट म्हणजे फक्त ड्रोगची तार जोडलेली आहे, दोन म्हणजे फक्त मेनची, तीन म्हणजे दोन्ही ठीक. मैदानात तीन ऐकल्याशिवाय कोणी रॉकेटपासून हलत नाही. आम्ही कान लावून मोजत होतो, आणि स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. मुलगी म्हणाली नऊ, भाचा म्हणाला आठ, आत्या म्हणाली, "तूरडाळ आहे, अजून दोन व्हायच्यात." यंत्र पुन्हा चालू केलं. ते इमाने-इतबारे पुन्हा वाजू लागलं. दुसरी शिट्टी झाली. शेवटी डाळ शिजेपर्यंत अंतराळ कार्यक्रम तहकूब करण्यात आला.

छत्रीची घडी हा वेगळाच अध्याय. मोठी छत्री पावणेदोन मीटर व्यासाची, पातळ नायलॉनची, भडक केशरी. ती चार इंचांच्या नळीत दोऱ्यांसकट कोंबायची, आणि कोंबली असली तरी बाहेर पडताना तिने क्षणात उलगडायला हवं. पोरांनी इंटरनेटवर बघून घडी घातली; दोऱ्या अशा गुंतल्या की सोडवायला दुपार गेली. आत्या बाजूला बसून बघत होती. मग पदर खोचून पुढे झाली. छत्रीच्या पाकळ्या एकावर एक घेत, नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशा तिने घेतल्या, दोऱ्या मधोमध सरळ ठेवल्या, दोन्ही कडा आत वळवल्या आणि वळकटी केली. गंमत अशी की पुस्तकात नेमकं हेच सांगितलेलं आहे: पाकळ्यांच्या शिवणी धरून एकावर एक घ्या, दोऱ्यांना पीळ पडू देऊ नका. कापडाला कापड चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर भुरभुरवायची, हेही पुस्तकातलंच. आत्याने स्वतःचा डबा आणला. आता आमच्या रॉकेटला चंदनाचा वास येतो.

छत्रीला दारूच्या धगीपासून वाचवायला नोमेक्स नावाच्या न जळणाऱ्या कापडाचा चौकोन असतो. नळीचे तुकडे एकमेकांना बांधणारी पट्टी, म्हणजे 'शॉक कॉर्ड', रॉकेटच्या तिप्पट-चौपट लांब असते. आखूड असली तर झटका बसतो आणि पट्टी नळीच्याच भिंतीला चिरत जाते. आणि तुकडे आपोआप सुटू नयेत म्हणून नायलॉनचे अगदी बारके स्क्रू, म्हणजे 'शिअर पिन'. त्यांचं आयुष्यातलं काम एकच: ठरलेल्या क्षणापर्यंत धरून ठेवायचं आणि ठरलेल्या क्षणी मोडायचं. फार घट्टही नको, फार सैलही नको. नेमकं किती, ते जमिनीवरच्या चाचणीत ठरतं, आणि ती चाचणी घरात होत नाही. ती कॉलेजच्या मैदानात, सरांसमोर, सगळ्यांना लांब उभं करून. इथे मला एक गोष्ट आवडली: ही पोरं रात्री दोनला मोटारसायकलवरून चहा प्यायला स्टेशनवर जातात, तीही हेल्मेट न घालता, पण या चाचणीचं नाव निघालं की आवाज खाली येतो आणि चष्मे, अंतर, कोण कुठे उभं राहणार, याची यादी निघते.

संध्याकाळी पोरं दमली की आत्या त्यांना खायला घालते आणि गोष्टी ऐकते. पूर्वी ती सांगायची, आता ऐकते. थुंब्याच्या रॉकेटतळाची गोष्ट भाच्याने सांगितली. ती जागा शोधायला विक्रम साराभाईंबरोबर हिंडलेले एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे, आणि 21 नोव्हेंबर 1963 ला पहिलं रॉकेट सुटलं तेव्हा उलटमोजणी करणारे प्रमोद काळे पुण्याचे. आत्याला अभिमान वाटला. मग तिने विचारलं, "ते परत कसं आणलं?" परत आणायचंच नव्हतं, सोडियमची वाफ आकाशात सोडायची होती, आणि खाली समुद्र होता. "मग सोपं होतं त्यांचं," आत्या म्हणाली. भारतीय अवकाश संशोधनाविषयी असं मत मी प्रथमच ऐकलं, पण समुद्र नसलेल्या गावातून ते बरोबर होतं.

कोलकात्याच्या स्टीफन स्मिथची गोष्ट तिला जास्त आवडली. हा गृहस्थ रॉकेटमधून टपाल पाठवायचा. 1935 साली त्याने दामोदर नदीपलीकडे एका रॉकेटमधून एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवली, आणि दोघं जिवंत पोचली. "आणि मग?" मग काही नाही, आजी. "अंडी?" याची नोंद कोणी ठेवलेली दिसत नाही.

धमतरीच्या मुलीने मात्र खऱ्या भीतीच्या गोष्टी सांगितल्या. अमेरिकेचं जेनेसिस नावाचं यान सूर्याकडून येणारे कण दोन-अडीच वर्षं गोळा करत होतं. 2004 च्या सप्टेंबरात त्याची कुपी परत आली. छत्री उघडणार, ती तरंगत येणार आणि हेलिकॉप्टर तिला हवेतच आकडीने उचलणार, असा बेत; त्यासाठी सिनेमात कसरती करणारे वैमानिक सज्ज. छत्री उघडलीच नाही. वेग मंदावल्याचं ओळखणारी बटणं उलटी बसवलेली होती, कारण नकाशातच ती उलटी काढलेली. कुपी ताशी तीनशे किलोमीटरने युटाच्या वाळवंटात शिरली. आत्या बराच वेळ गप्प होती. मग उठून धोब्याच्या खुणांचं पेन घेऊन आली आणि रॉकेटच्या प्रत्येक तुकड्यावर, प्रत्येक फळीवर, प्रत्येक डब्यावर 'वर' असं लिहून बाण काढला. एक बाण अंगणाकडे जातो, कारण तो तुकडा आडवा होता. त्याच्यावर नंतर मोठी चर्चा झाली.

दुसरी गोष्ट युरोपच्या स्कियापारेली यानाची. 19 ऑक्टोबर 2016 ला ते मंगळावर उतरत होतं. छत्री वेळेवर उघडली, पण झटक्याने यान असं डोललं की आतल्या एका यंत्राचा क्षणभर गोंधळ झाला आणि संगणकाने हिशोब काढला, आपण जमिनीच्या खाली पोचलो आहोत. यान प्रत्यक्षात पावणेचार किलोमीटर वर होतं. जमिनीखाली आल्यावर छत्रीचा काय उपयोग, म्हणून त्याने छत्री सोडून दिली.

"अरे, जमिनीखाली आहोत असं वाटलं, तर आधी कोणाला तरी विचारायचं," आत्या म्हणाली. यावर दोन्ही खंडांतल्या तज्ज्ञांना फारसं काही वेगळं सांगता आलेलं नाही.

गगनयानाच्या कुपीला दहा छत्र्या आहेत, हेही तिला कळलं. दोन झाकण काढायला, दोन वेग कमी करायला, तीन पुढच्या छत्र्या ओढून काढायला आणि तीन मुख्य. "दहा? मग तुमच्या दोनच का?"

"आजी, आमच्यात माणूस नाहीये."

"असता तर मी पाठवू दिलं असतं का?"

गणेशाचा प्रसंग यानंतरचा. रॉकेट जोडून झालं, रंग वाळला, आणि सकाळी मुलीने नेहमीप्रमाणे यंत्र चालू करून दाब तपासला तर दोन अल्टिमीटरांचं आपसात जमेना, आणि दार उघडमिट केलं तरी दोघंही हलेनात. तिने बॅटरी बदलली, तारा ओढून पाहिल्या, खिडकीतलं ऊन सेन्सरवर पडतंय का ते पाहिलं, कारण उन्हानेही ही यंत्रं फसतात. भाच्याने आपण रात्री कशालाही हात लावला नसल्याचं तीनदा सांगितलं, त्यामुळे संशय त्याच्यावरच. शेवटी मुलीने नळीवरून बोट फिरवलं. यंत्राच्या कप्प्याला बाहेरची हवा कळावी म्हणून नळीला सारख्या अंतरावर बारीक भोकं ठेवलेली असतात. त्यांतल्या दोघांवर कुंकवाची ओली बोटं उमटून वाळली होती, आणि तिसऱ्यावर, चपखल मधोमध, गणपतीचं स्टिकर होतं.

माजघरात शांतता. घरातल्या सगळ्यात जबाबदार माणसाकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती.

"विघ्नहर्त्याला चांगली जागा शोधली होती मी," आत्या म्हणाली. "खड्ड्यावर झाकणही झालं असतं."

मुलीने तिला शेजारी बसवून हवेच्या दाबाचं गणित समजावलं. भोक बुजलं तर यंत्राला आयुष्यभर वाटत राहील की आपण ब्राह्मणपाऱ्यातच आहोत, ते ना शेंडा ओळखेल ना दोनशे मीटर, आणि छत्र्या आत चंदनाच्या वासात झोपून राहतील. आत्याने ऐकलं, वही मागवली, भोकाचा व्यास आणि कप्प्याचं घनफळ यांचा संबंध विचारला, आणि मग गणपतीला नमस्कार करून स्वतःच्या नखाने स्टिकर सोडवून दोन बोटं वर चिकटवलं. कुंकू मुलीने सुईने काढलं. यंत्रांचं पुन्हा एकमत झालं. यादीत एक कलम वाढलं: 'भोकं मोकळी आहेत का? (देव वर आहे का?)'

यादी हे आता आत्याचं खातं आहे. मूळ यादी पोरांनी इंग्रजीत केली होती; तिने मराठीत उतरवून घेतली, कारण "घाईच्या वेळी माणूस मातृभाषेत चुका कमी करतो." धमतरीच्या मुलीने आक्षेप घेतला की तिची मातृभाषा मराठी नाही, तेव्हा तिच्या कलमांपुढे छत्तीसगडी आली. प्रत्येक कलमापुढे दोन सह्या, कारण करणारा आणि बघणारा एक असता कामा नये. 'शॉक कॉर्डची गाठ ओढून पाहिली?' 'पट्टीची घडी नागमोडी आहे?' 'नाक धरून रॉकेट उचललं तर सुटत नाही, पण हिसका दिला तर सुटतं?' 'यंत्राचं बटण बंद?' कारण बटण चालू करायचं ते फक्त मैदानात, रॉकेट दांडीवर उभं राहिल्यावर. आणि मध्येच, 'शिअर पिन बसवल्या?' आणि 'ट्रॅकर चार्ज आहे?' यांच्यामध्ये, सतरावं कलम: 'गॅस बंद केला?' भाच्याने ते खोडायला घेतलं. आत्या म्हणाली, घराबाहेर पडताना तपासायच्या गोष्टींची यादी आहे ना, मग? त्यावर उत्तर नसल्याने कलम कायम झालं.

परवा सकाळी रॉकेट जमिनीवरच्या चाचणीसाठी कॉलेजला निघालं. तीन तुकडे, चादरीत गुंडाळून, ई-रिक्षात आडवे. ई-रिक्षाची रुंदी आमच्या घरापेक्षाही कमी, म्हणून नाक एका बाजूने बाहेर आणि शेपटीचे पंख दुसऱ्या बाजूने. भाचा आणि मुलगी आत, मी पुढे चालकाशेजारी, मांडीवर छत्र्यांचा डबा. आझाद चौकात वाहतुकीच्या हवालदाराने हात दाखवला.

"इसमें क्या है?"

भाच्याने खरं ते सांगितलं, आणि ते ऐकून हवालदाराने चादर उचलली. आधी त्याला 'वर' दिसलं आणि बाण. बाणाच्या दिशेने त्याने वर बघितलं. मग गणपती दिसला. मग त्याने माझ्या मांडीवरचा डबा उघडला आणि बोटाला लागलेली पांढरी पूड नाकाशी नेली. चौकातली रहदारी थांबली होती आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर झोपला होता.

"चंदन," तो म्हणाला. नंतर मराठीत, "ही कुणाची पावडर?"

वऱ्हाडी वळणाचं मराठी ऐकून भाच्याला धीर आला. त्याने परवानगीची कागदपत्रं, सरांचं पत्र आणि यादी, सगळंच पुढे केलं. हवालदाराने परवानगी चाळली आणि यादी मात्र पहिल्या कलमापासून, बोट ठेवून वाचली. सतराव्याला बोट थांबलं.

"गॅस बंद केला. इथे सही नाही."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाच्याने घरी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कधीच केलाय," पलीकडून आत्या म्हणाली. "मागचं दारही लावलंय. एक सही माझी धर. दुसरी कोणाची घेणार? दोन लागतात म्हटलं ना."

हवालदाराने खिशाचं पेन काढलं.